मदत हवी आहे : फिटचं नवं औषध लेकराला चालतं का? लवकर सांगा

उदगीरचा_बाप : लेकराला फिट येतात. आधीच्या सिरपनं थांबल्या, पण चिडचिड लई वाढली. बहिणीला चावतंय, भिंतीवर डोकं आपटतंय. म्हणून डॉक्टरांनी औषध बदललं. घरी येऊन डब्यातला कागद वाचला तर १६ वर्षांपुढच्यांसाठी लिहिलंय! डॉक्टर फोन उचलंनात. रात्रीचा डोस देऊ का नको?

बोरीबाभळी : वय? वजन? औषधाचं नाव? यातलं एक तरी लिहा की राव.

उदगीरचा_बाप : ब्रिव्हॅरासेटाम. आधी लेव्हेटिरासेटाम होतं. लेकरू म्हणल्यावर लहानच असणार ना.

मोंढ्यातला : देऊ नका. नवं औषध म्हणजे आपल्या पोरांवर प्रयोग. निमेसुलाइड तापाला सर्रास द्यायचे, २०११ ला १२ वर्षांखाली बंद केलं की नाही?

गोळीबिस्कीट : माझं मेडिकल आहे, म्हणून बोलतो. निमेसुलाइड नवं होतं म्हणून नाही, लिव्हरच्या भीतीनं बंद झालं. नव्या औषधाची चाचणी बहुतेक वेळा आधी मोठ्यांवर होते, लेकरांची माहिती मागून येते. हेच औषध अमेरिकेत २०१६ ला १६ वर्षांपुढं, २०१८ ला ४ वर्षांपुढं आणि २०२१ ला १ महिन्यापुढं मंजूर झालं. तेही फोकल फिटसाठी, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या. फिट कशी येते?

मोंढ्यातला : अमेरिकेचं अमेरिकेत. इथल्या कागदावर १६ आहे, तेच खरं.

गोळीबिस्कीट : कागदाबाहेरचं औषध लेकरांच्या डॉक्टरांना कैकदा लिहावं लागतं भाऊ. वजनावर डोस काढला का, हे बघायचं.

परभणीची_मावशी : फिट आली की कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा. ५ मिनिटांवर गेली तर तडक दवाखाना. आणि सकाळी तुपात ब्राह्मी द्या.

उदगीरचा_बाप : मावशी, ते ठाऊक आहे, मी डोसचं विचारलंय. वय ५, वजन १७ किलो. उजवा हात अन् तोंड उडतं. जुनं सिरप बाटलीत उरलंय, तेही सोबत चालूच आहे.

गोळीबिस्कीट : हे आत्ता सांगताय! दोन्ही एकाच कुळातली, मेंदूत एकाच जागी चिकटतात. सोबत देऊन जास्तीचा फायदा दिसलेला नाही, आणि चिडचिड जुन्यानंच होत असेल तर ती जाणार कशी? पण मनानं कुठलंच एकदम तोडू नका, फिट उसळतात. जुनं कसं उतरवायचं ते चिठ्ठीवर असेल. नसेल तर आत्ताच सरकारी दवाखान्यात दोन्ही बाटल्या घेऊन जा, रात्रपाळीला डॉक्टर असतात.

उदगीरचा_बाप : चिठ्ठी बायकोच्या पर्समधी. ती देगलूरला माहेरी गेलीय. फोटो मागवतो.

बोरीबाभळी : फोटो इथं टाकू नका, नाव-नंबर असतो.

मोंढ्यातला : बघा, मी म्हणलो होतो देऊ नका.

गोळीबिस्कीट : तुम्ही नवं म्हणला होता, मी जुन्याबद्दल बोलतोय.

शेंगदाणा_चिक्की : धागा वर आलाच आहे तर, हैदराबादला लेकरांच्या मेंदूचे चांगले डॉक्टर कोणी सांगेल का? भाचीला आधाशीशी आहे.