सैनिकांच्या हातातला लांबलचक मासा आणि आपली वाकटी: नाते आहे का?

गोदाकाठ, नाशिक
बुधवारच्या बाजारात गंगेवर सुकी मासळी घेताना विक्रेत्या मावशींना मी मोबाइलवर आलेले एक छायाचित्र दाखवले. त्यात सैनिकांची अख्खी रांग एक चंदेरी, पट्ट्यासारखा मासा आडवा धरून उभी आहे आणि खाली ‘मेकाँग नदीतला नाग’ असे लिहिले आहे. मावशी म्हणाल्या, “ही तर वाकटीच, नुसती वाढलेली.” हे कितपत खरे आहे आणि असा मासा आपल्या समुद्रात असतो का, हे जाणकारांनी सांगावे.

खाडीपल्याड
नाग नव्हे आणि मेकाँगही नव्हे. हा ओअरफिश १९९६ साली कॅलिफोर्नियातील कोरोनाडो येथे किनाऱ्याला लागला होता. लांबी सुमारे ७ मीटर. धरणारे अमेरिकी नौदलाचे जवान आहेत.

मावशींची चूक क्षम्य आहे, कारण दोघांचेही अंग चपटे व खवल्यांविना असते आणि पाठीचा पर डोक्यापासून मागपर्यंत सलग जातो. पण पुढच्या बुधवारी एका वाकटीचा जबडा उघडून पाहा: सुऱ्यासारखे दात सुकल्यावरही बोटाला टोचतात. ओअरफिशला दातच नसतात. पुढे सरकणाऱ्या तोंडाने तो पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांच्या चाळणीत क्रिलसारखे बारीक जीव अडकवतो. वाकटीला पोटाखालचे पर नसतात, तर ओअरफिशला तिथे दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात आणि त्यांच्या टोकांना वल्ह्याच्या पात्यासारखा पडदा असतो. नाव त्यावरूनच पडले. डोक्यावरचा तांबडा तुरा म्हणजे पाठीच्या पराचेच लांबलेले पहिले काटे होत. वाकटीचे नाते बांगड्या-सुरमईच्या गणाशी आहे, ओअरफिशचे ओपाह या गोलमटोल माशाशी. आकारावरून गोत्र ठरवू नये ते असे.

जीवशास्त्र शिकवणारी
एक पुरवणी. त्या ‘वल्ह्यांनी’ तो वल्हवत नाही. अंग ताठ, बहुधा उभे ठेवून तो केवळ पाठीच्या परात लाटा उठवत सरकतो. त्याला हवेची पिशवीही नसते.

आपल्या समुद्राचे म्हणाल, तर त्याच्या दोन जातींपैकी एकीचा भारताशी थेट संबंध आहे. निसर्ग-अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी विशाखापट्टणमच्या माशांवर १८०३ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यातील चित्र-वर्णनावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८१६ मध्ये या जातीला रसेल यांचेच नाव दिले. दुसरी, ग्लेस्ने ही जात त्याआधीच, १७७२ मध्ये, नॉर्वेतील नमुन्यावरून नोंदली गेली होती. ध्रुवीय समुद्र वगळता ओअरफिश सर्वत्र पसरलेला आहे, मात्र तो उघड्या समुद्रात, कित्येकदा शेकडो मीटर खोलीवर राहतो. वाकटी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात थव्याने फिरते, म्हणून ती जाळ्यात येते आणि वाळून नाशिकपर्यंत पोहोचते. ओअरफिश दिसतो तो बहुधा मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला.

गोदाकाठ, नाशिक
मनःपूर्वक आभार. त्याच संदेशात हा मासा दिसला की भूकंप होतो, असेही होते.

जीवशास्त्र शिकवणारी
तो जपानी लोकसमज आहे. तेथील संशोधकांनी २०१९ मध्ये खोल समुद्रातील माशांच्या ३३६ नोंदी भूकंपांशी ताडून पाहिल्या. मेळ एकाच ठिकाणी बसला. मावशींना दातांचे मात्र जरूर सांगा.