'बाय' की 'अंटिल'? आपलं 'पर्यंत' तर एकच!

द्राक्षकन्या: मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टचे कागद बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं. परवा रॉटरडॅमच्या खरेदीदाराला लिहिलं, 'वुई विल सेंड द फायटो अंटिल थर्सडे.' फायटो म्हणजे माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला. मला म्हणायचं होतं, गुरुवारपर्यंत पाठवू. त्याने विचारलं, एकच दाखला गुरुवारपर्यंत रोज पाठवणार का? साहेब म्हणाले 'बाय' लिही, पण का ते त्यांनाही सांगता येईना. मला कारण हवंय, नाहीतर पुढच्या कंटेनरला पुन्हा अडेन.

निवृत्त मास्तर: ताई, आपलं 'पर्यंत' दोन कामं करतं. 'दुकान नऊपर्यंत उघडं असतं', इथे उघडं असणं नऊ वाजेतो चालूच राहतं, म्हणून अंटिल. 'नऊपर्यंत पोच', इथे पोचणं एकदाच, नऊच्या आत कधीही, म्हणून बाय. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. बसलं की बाय. 'दुकान नऊच्या आत उघडं असतं' बसत नाही ना? नववीच्या वर्गात मी हीच खूण सांगायचो.

कोकणकडा: आणखी एक. 'अंटिल यू डोन्ट कम, आय वोन्ट ईट' असं आपण सर्रास बोलतो, कारण डोक्यात 'तू येत नाहीस तोपर्यंत' असतं. इंग्रजीत तिथे 'डोन्ट' नको. मनात 'तू येईपर्यंत' म्हणा, 'अंटिल यू कम' आपोआप येतं. आणि 'स्टेशनपर्यंत सोडतो' याला अंटिल कधीच नाही, तिथे 'ॲज फार ॲज'.

द्राक्षकन्या: 'च्या आत' लगेच पटलं! मग 'गुरुवारपर्यंत फायटो मिळणार नाही' कसं लिहू?

निवृत्त मास्तर: फार चांगला प्रश्न, कारण इथे दोन्ही चालतात आणि अर्थ फिरतो. 'वोन्ट गेट इट अंटिल थर्सडे' म्हणजे त्याआधी नाही, गुरुवारी मिळेल. 'वोन्ट गेट इट बाय थर्सडे' म्हणजे गुरुवार संपला तरी हातात नसेल. पहिल्यात खरेदीदार गुरुवारी वाट बघेल, दुसऱ्यात त्याला जहाजाचीच काळजी लागेल.

द्राक्षकन्या: मला पहिलंच म्हणायचं होतं. आणि 'बाय थर्सडे'त गुरुवार धरायचा ना?

निवृत्त मास्तर: धरायचा. तरी वेळ लिहा, आणि ती कुठली तेही. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं.