मदत हवी आहे : हवामानबदलाचा पुरावा आणि घरगुती कार्बनचा हिशेब

नमस्कार. सोलापुरातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढील सभेत छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय मी मांडणार आहे. "सोलापूर पूर्वीपासूनच तापते, त्यात माणसाचा काय संबंध?" असे काही ज्येष्ठ सभासद विचारतात, आणि त्यांची शंका प्रामाणिक असल्याने तिला नीट उत्तर मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे, एवढे सांगता येते. परंतु मला निर्णायक वाटणारा पुरावा वेगळा आहे : तापमानवाढ सूर्यामुळे असती, तर जमिनीलगतच्या हवेबरोबर वरचे स्थितांबरही (वातावरणाचा उंचावरचा थर) तापले असते, प्रत्यक्षात ते थंड होत आहे. विज्ञान न शिकलेल्या माणसाला हे सोप्या मराठीत कसे समजावावे?

दुसरी अडचण प्रत्येक घरामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, या हिशेबाची आहे. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो आणि १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड धरता येतो. मात्र लिफ्ट व पाण्याच्या पंपाची सामाईक वीज प्रत्येक घराच्या नावे कोणत्या निकषाने वाटावी? ज्यांनी असा हिशेब केला आहे, त्यांनी कृपया आपली पद्धत कळवावी.