जायंट ग्रोथनंतर बेडूक केला, तर १/१ की ४/४?

मॅजिक: द गॅदरिंग, पत्त्यांचा खेळ. माझा २/२ प्राणी (पहिला आकडा मारण्याची ताकद, दुसरा डॅमेज झेलण्याची) चढाईला गेला, समोर ३/३ आडवा आला. मी जायंट ग्रोथ टाकलं (टर्न संपेपर्यंत +३/+३), मित्राने त्यावर लगेच टर्न टू फ्रॉग (टर्न संपेपर्यंत प्राण्याचा मूळ १/१ बेडूक). तो म्हणे, "आता १/१, मेला." मी मुकाट कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या कार्डांच्या ढिगात) ठेवलं, पण रात्रभर डोक्यात तेच! जायंट ग्रोथ बेडकानंतर लागू झालं असतं तर?

उत्तर १
उगाच मारलात बिचाऱ्याला. इथे कोणतं कार्ड आधी पडलं ते बघतच नाहीत. मूळ आकडा बदलणारे परिणाम आधी मोजायचे, मग अधिक-उणे आणि काउंटर (प्राण्यावर ठेवलेल्या +१/+१ वगैरे खुणा). म्हणजे आधी १/१, त्यावर +३/+३. चक्क ४/४ बेडूक. तीन डॅमेज झेलून उभा राहिला असता आणि समोरच्यालाही घेऊन गेला असता.

प्रश्नकर्ता
आणि टर्न संपल्यावर? +३ गेलं, डॅमेज ३, मग मरेलच ना?

उत्तर १
नाही. डॅमेज पुसणं आणि "टर्न संपेपर्यंत"वाले परिणाम जाणं, दोन्ही एकाच क्षणी होतं. मध्ये फट नाही.

उत्तर २
मित्र हार्थस्टोन (संगणकावरचा पत्त्यांचा खेळ) खेळतो का हो? तिथे क्रमच चालतो. आधी बफ (आकडे वाढवणारा परिणाम), मग इक्वॅलिटी (सगळ्यांची हेल्थ १ करणारं कार्ड), तर हेल्थ १; उलट क्रमाने केलं तर बफ वर चढतो. मीही त्याच सवयीने दोन डाव घालवलेत.

प्रश्नकर्ता
खेळतो! आता पुढच्या वेळी हा धागाच दाखवतो त्याला.