जुनी दिल्ली आणि तिथली गर्दी: तुमचे अनुभव सांगा

दिल्लीहून आलेले लोक दोनच गोष्टी सांगतात, थंडी आणि चांदणी चौकातली गर्दी. त्यातही गर्दीचा विषय निघाला की अर्धे जण कानाला हात लावतात आणि अर्ध्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन जायचा बेत आहे. आईचे गुडघे जेमतेम, बाबांना इतिहासाचं वेड. कुतुबमिनार, इंडिया गेट टूरवाले दाखवतातच, ते नको. शहाजहाननं वसवलेल्या जुन्या दिल्लीत गेला असाल तर काय पाहिलंत, काय खाल्लंत, कुठे वैतागलात ते लिहा, लांबलचक झालं तरी चालेल.

(पुणे)
सकाळी लवकर जा, बाकी काही ऐकू नका कुणाचं. आम्ही साडेसातच्या सुमारास लाल किल्ल्यासमोर उतरलो आणि तिथून चांदणी चौकाच्या रस्त्याने फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ चालत गेलो, दीडेक किलोमीटर असेल, रस्ता जवळजवळ मोकळा, दुकानांची शटरं बंद, त्यामुळे वरचे जुने सज्जे आणि कमानी दिसतात, एरवी बोर्ड आणि वायरींच्या जंजाळात नजर वर जातच नाही. २०२१ मध्ये हा रस्ता नव्याने केलाय, सकाळी ९ ते रात्री ९ गाड्यांना बंदी आहे, फक्त सायकलरिक्षा. एवढ्याशा पट्ट्यात जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, सीसगंज गुरुद्वारा, त्याला लागूनच सुनहरी मशीद, शेवटी फतेहपुरी. सीसगंजला गुरू तेगबहादुरांचा १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने शिरच्छेद झाला ती जागा. डोक्यावर घ्यायला रुमाल तिथेच मिळतो. आणि शेजारच्या त्या छोट्याशा सुनहरी मशिदीत बसून इराणच्या नादिरशहाने १७३९ ला दिल्लीकरांच्या कत्तलीचा हुकूम दिला म्हणतात. दोन्ही गोष्टी एका भिंतीच्या अंतरावर, मला तर तिथे काही सुचेचना.

(नागपूर)
सकाळी जाऊन रिकामा रस्ता पाहायचा तर मंग दिल्लीलाच कायले जायचं राजेहो? दुकानं उघडतात अकराला. खरा मजा त्यानंतर. मी खारी बावलीत गेलो, फतेहपुरीच्या मागं, मसाल्यांचा ठोक बाजार. आमच्याकडे भिवापुरी मिरची होते, मिरचीचं आपल्याला काय कौतुक, असं वाटत होतं. तर गडोदिया मार्केटच्या जिन्यात पाय ठेवला न् ठसका सुरू. माझ्या पुढचा माणूस खोकतो, मागची बाई खोकते, पाठीवर पोतं घेतलेला हमाल खोकत खोकतच वर चढून राहिला, न् थांबत कोणीच नाही. तोंडाला ओला रुमाल बांधूनच जा. वर गच्चीवर गेलं की खालचा चौक दिसतो, पोत्यांची थप्पी, हातगाड्या एकमेकीत अडकलेल्या, आणि कोणी तरी एक जण ओरडून सगळ्यांले वाट काढून देते. पंधरा मिनिटं मी फक्त तेच पाहत होतो. धक्के लागतात, पण धक्का मारणारा रिकामा नसतो, त्याच्या डोक्यावर ओझं असते. हे एकदा ध्यानात आलं की राग येत नाही.

(डोंबिवली)
आम्ही डोंबिवलीकर, आम्हाला गर्दीची भीती घालू नका 😀 आठ बावनची फास्ट पकडणाऱ्या बाईला राजीव चौक मेट्रो स्टेशनची गर्दी काय करणार. मेट्रोत जाण्याच्या दिशेचा पहिला डबा बायकांचा असतो, एवढं लक्षात ठेवा.
मला आवडला तो किनारी बाजार. जरी, गोटा, लेस, तोरणं, नवरदेवाचे फेटे, नोटांचे हार, गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर दुकानाच्या पायरीवर चढायचं. त्यातच एका बाजूला नौघरा नावाची आत जाणारी छोटी गल्ली आहे. नऊ जैन घरं, रंगवलेले दरवाजे, दगडी महिरपी, टोकाला मंदिर. आत वळलात की बाहेरचा आवाज एकदम कमी होतो. लोक राहतात तिथे, तेव्हा दारासमोर पोज देत बसू नका. एक आजी ओट्यावर मटार सोलत होत्या, त्यांनी विचारलं कहाँ से आए हो, मुंबई म्हटल्यावर म्हणे वहाँ तो बहुत भीड़ होती है!

(ग्वाल्हेर)
बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणून लिहितो. लाल किल्ल्यात बहुतेक मंडळी छत्ता बाजारात खरेदी करतात, दिवाण-ए-आमसमोर फोटो काढतात आणि परततात. दिवाण-ए-खासला जाऊन छताकडे बघा. मयूरासन नादिरशहाने नेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथल्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढली, सैन्याला पैसा हवा होता. पानिपताच्या आधीचे महिने ते. आपल्याकडे हे जरा हळू आवाजात सांगतात, मी मोठ्याने सांगतो, कारण त्यातूनच कळतं की फौजेची काय अवस्था झाली होती. पुढे १७७१ ला महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, १७७२ च्या सुरुवातीला मुघल बादशहा शाह आलम परत तख्तावर आला. १७८८ ला रोहिला सरदार गुलाम कादिरने याच किल्ल्यात त्याचे डोळे काढले, त्यालाही महादजींच्या माणसांनीच पकडलं. १८०३ ला इंग्रज सेनापती लेकने पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. हे एवढं सगळं, आणि आमच्यासोबतचा गाईड मराठ्यांचं नाव न घेता थेट शहाजहानवरून १८५७ वर गेला. मी मधे तोंड घातलं, बायकोने कोपर मारलं.
सोमवारी किल्ला बंद असतो. १५ ऑगस्टच्या आधीही बरेच दिवस बंदच. तुमचं फेब्रुवारीत आहे म्हणजे प्रश्न नाही.

(मडगाव)
थंडीत गेलात तर दौलत की चाट खा. नाव चाट, पण आहे गोड. दुधाचा फेस, वर केशर, खवा, पिठीसाखर. चमचा तोंडात घातला की काही उरतच नाही, फक्त चव. आमच्या मुलाने तर विचारलं, ह्याचे पैसे कशाचे घेतात. मार्चनंतर मिळत नाही, ऊन वाढलं की फेस टिकत नाही. पराठेवाली गल्ली मला काही खास वाटली नाही, पराठे चक्क तळतात. नावाचाच महिमा जास्त.

(कोल्हापूर)
लहान मुलं सोबत असतील तर लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना आहे तो दाखवा. मांज्याने पंख कापलेली कबुतरं पिंजऱ्यांतून ठेवलेली असतात. ऑगस्टमध्ये दिल्लीत पतंग उडवतात तेव्हा फार येतात म्हणे. घार वगैरे मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात पण मुक्कामाला ठेवत नाहीत. माझी मुलगी त्यावर अजून वाद घालते.

(दिल्ली, मूळची सातारा)
इथेच राहते म्हणून कामाचं लिहिते. आईंचे गुडघे दुखतात ना, मग चावडी बाजार मेट्रो स्टेशनला उतरू नका, जमिनीखाली खूप खोल आहे, सरकत्या जिन्यांवरही रेटारेटी. जांभळ्या लाइनवर लाल किला नि जामा मस्जिद स्टेशनं आहेत, ती बरी. नंतर सायकलरिक्षा करा, भाडं आधी ठरवा, जाऊनयेऊन आणि थांबण्याचं धरून. जामा मशिदीच्या पायऱ्या मात्र उंच आहेत, आईंना खाली बसवा हवं तर. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत.
स्टेशनबाहेर कोणी गोड बोलून सांगेल, तुमचं हॉटेल बंद झालंय, किल्ला आज बंद आहे, रस्ता बंद आहे, या टुरिस्ट ऑफिसात या. काही बंद नसतं. मान हलवायची आणि चालत राहायचं, उत्तरसुद्धा द्यायचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीला अशाच एका ‘ऑफिसात’ नेऊन बसवलं होतं, ती तिथे त्यांना चहा मागून, पिऊन बाहेर पडली, पण सगळ्यांना नाही जमत ते.
राहायला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन बघा, आधी फोन करून.
आणि रविवारी चांदणी चौकातली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा तो दिवस दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारासाठी ठेवा. २०१९ पासून फुटपाथवर नाही भरत, दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये हलवलाय. बाबांना तिथे सोडा, दुपारपर्यंत तुम्ही आणि आई मोकळ्या.