मदत हवी आहे: बाबांच्या तळव्याची जखम, अल्जिनेट ड्रेसिंग बदलून फोमचं (स्पंजसारखं) ड्रेसिंग लावावं का?

नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांपासून. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बरोबर खाली झालेली जखम पाच महिने भरत नाहीये. पाय बधिर असल्याने चपलेतला खडा दिवसभर टोचत होता तरी त्यांना कळलं नाही. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा आम्हाला समजलं.

आधी सलाइनने धुऊन साधा गॉज लावायचो. तो रोज चिकटायचा आणि काढताना नवी आलेली कोवळी कातडीही निघायची. बाबांना दुखत नव्हतं, मला मात्र बघवत नव्हतं. मग सर्जननी अल्जिनेट लिहून दिलं. दुकानात ते नव्हतं. "हेही तेच काम करतं" म्हणून हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी मिळाली आणि मी ती लावली. तिसऱ्या दिवशी काढली तर कडा पांढऱ्याफटक, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या, आणि वास. सर्जननी जखम साफ केली. एक्स-रे पाहून हाडापर्यंत काही गेलेलं नाही म्हणाले, तेव्हा जीवात जीव आला.

त्यानंतर वाचायला बसले. अल्जिनेट आणि हायड्रोकोलॉइड, दोन्ही पॉलिमरच (लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ), पण कामं वेगळी. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. त्यातलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी जागा बदलतं आणि तंतूंचं जेल होतं, म्हणून ते भरपूर वाहणाऱ्या जखमेला चालतं. हायड्रोकोलॉइड कमी वाहणाऱ्या जखमेसाठी. बाबांची तेव्हा खूप वाहत होती.

आता अल्जिनेट सुरू करून दहा दिवस झालेत. पाणी बरंच कमी झालंय, पण काढताना तंतू तळाला चिकटून राहतात. फोमवर जायची वेळ झाली का? कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनवलेलं कायटोसान कुणी मधुमेही पायावर वापरलंय का?

आणि बाबांना कसं समजावू? "हवा लागू दे, खपली धरली की भरेल," हेच चालू असतं. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगाचं सांगितलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी चढली होती. त्यावर ते म्हणाले, "तुझ्या आजीने हळदीवर सगळं बरं केलं." आजीच्या जखमा खुरप्याच्या होत्या, आणि तिला मधुमेह नव्हता.

प्रतिसाद १:
ताई, मी नर्स आहे, मधुमेही पायांचं ड्रेसिंग रोज करते. तंतू चिकटतात म्हणजे अल्जिनेटला पुरेसं पाणी मिळत नाहीये. ओढू नका, सलाइनने पूर्ण भिजवून सोडवा. फोमबद्दल सर्जनना जरूर विचारा, पण स्वतः बदलू नका. कायटोसान रक्त थांबवायला चांगलं. त्यामागे आत्ता धावू नका.

मला जास्त काळजी वेगळी आहे. बाबा त्या पायावर चालतात का? बाथरूमपर्यंत सुद्धा? भार हटल्याशिवाय कुठलंही ड्रेसिंग ती जखम भरणार नाही. पायाच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी झाली आहे का? दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून लिहा. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर उपचारांचा फेरविचार करायला सांगा.

धागाकर्ती:
ताई, मनापासून आभार. चालतात, हो. बाथरूमला, देवघरात, फाटकापर्यंत. डॉपलर झालेली नाही. गुरुवारी सर्जनकडे तारीख आहे, आधी तेच विचारते. आज मोजली: ३.१ बाय २.४ सेंटिमीटर. वॉकर शेजाऱ्यांकडून आणलाय, आत्ता बाबांच्या पलंगाला टेकवून ठेवला आहे.