भाच्याला रग्बीत करिअर करायचंय. जाऊ द्यावं का?

खानापूरचा मामा: भाचा १९ वर्षांचा, कबड्डीत चढाईला पट्टीचा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीला सहा संघांची रग्बी लीग झाली, ती मोबाईलवर बघितली आणि डोक्यात खूळ शिरलं. पुण्याला जाऊन शिकणार म्हणतोय. दाजी म्हणतात, पळतोयस तर सैन्यभरतीसाठी पळ, मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावातच आहे. मी दाजींच्या बाजूचा. आमच्या तालुक्यात रग्बीचा चेंडू तरी कुणी हातात घेतलाय काय?

येळ्ळूरचा जुना पैलवान: बरोबर बोललासा. त्या खेळात उघडपणे पगार द्यायला सुरुवातच १९९५ ला झाली. आणि जिथं पैसा आहे त्या इंग्लंडात काय झालं? २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन मोठे क्लब ऐन हंगामात बुडाले, पुढच्या वर्षी लंडन आयरिश. करार केलेले खेळाडू रातोरात बिनकामाचे. तिकडं ही गत, इकडं पोराला कोण पोसणार?

तुरमुरीची सून: पैलवानमामा, आमच्या गावच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश नावाच्या कुस्तीत कांस्य आणलं. त्याआधी कुराश खायचं की ल्यायचं, गल्लीत कुणाला ठाऊक होतं? ज्युदोतली पोरगी नव्या खेळात गेली आणि नाव काढलं. कबड्डीतला पोरगा रग्बीत का जाऊ नये? पकड चुकवणं आणि माणूस धरून पाडणं त्याला शिकवावं लागणार नाही. पुढं पास द्यायचा नाही, एवढं तेवढं डोक्यात बसवावं लागेल.

पैलवान: कांस्य आलं तेव्हा सगळे हार घेऊन आले. त्याआधीच्या खुराकाचा हिशेब कुणी विचारला?

निपाणीहून: दोघंही वेगवेगळ्या खेळांवर भांडालासा. पगारी क्लबांचं रग्बी म्हणजे पंधरा जणांचं, ८० मिनिटांचं. लीगमध्ये दिसलं ते सातांचं, मिनिटांत निकाल. ऑलिंपिकला २०१६ पासून सातांचंच आहे. पुरुषांतली पहिली दोन्ही सुवर्णं फिजीनं नेली. पोराला ह्यातलं नेमकं काय खेळायचंय ते आधी विचारा. (गंमत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी भिडतात, तो आपल्याच चांदीच्या रुपयांचा, वितळवून केलेला. चांदी आपली, खेळ त्यांचा.)

चिकोडीचा फिजिओ: पैशाचं सोडा, डोक्याचं बघा. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा वर्ल्डकप जिंकलेला हूकर, म्हणजे पुढच्या फळीत झुंजणारा गडी. चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विजय आठवतच नाही म्हणतो. कान मोडला तर चालतंय, आमच्या तालमीत तो मिरवायचा दागिना. मेंदूला परत परत बसलेल्या मारावर लेप नाही. जाऊ द्या, पण डोकं आपटलं की त्या दिवशी मैदानाबाहेर, एवढं वचन घ्या.

तुरमुरीची सून: ही अट मान्य. पण मग भरतीत काय धोका नाही होय? अग्निवीर चार वर्षांचा, त्यातले शंभरात फार तर पंचवीस पुढं राहणार.

निपाणीहून: सैन्याचाही रग्बी संघ आहे की. एका दगडात दोन पक्षी.

पैलवान: भरती झाल्यावर रग्बीच देतील, हे काय लिहून देणार हाय कोण?

खानापूरचा मामा: सैन्याच्या संघाचं दाजींना सांगितलं. म्हणाले, "मग आधी भरती हो म्हणावं." भाचा म्हणतोय, "आधी पुणे." अक्का दोघांनाही वाढेना झालीय.